मातेचे कौतुक आणि समाजाचे कर्तव्य

अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत एक प्रश्न वारंवार कानी पडतो. शाळेत, कचेरीत, बँकेत किंवा रुग्णालयात नोकरी करणाऱ्या आणि घरी दोन-तीन वर्षांचे मूल असलेल्या स्त्रीस लोक विचारतात, 'बाई, हे दोन्ही तुम्हांला साधते तरी कसे?' विचारणाराच्या मनात बहुधा सद्भावच असतो. त्यात थोडे आश्चर्य असते, थोडे कौतुक असते, आणि क्वचित 'मुलाची आबाळ तर होत नाही ना?' अशी एक दबलेली शंकाही असते. तिच्या शेजारीच तिचे यजमान बसलेले असतात. त्यांनाही नोकरी आहे आणि मूल त्यांचेही आहे. परंतु हा प्रश्न त्यांस कोणी विचारीत नाही, आणि तो विचारला जात नाही याचे नवलही कोणास वाटत नाही. ज्या गोष्टीचे आपणांस नवल वाटत नाही तिच्यातच आपल्या नीतिकल्पनांचे खरे स्वरूप पुष्कळदा दडलेले असते. म्हणून या साध्या प्रश्नाचा थोडा खोल विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

आरंभ कौतुकापासून करू. महाराष्ट्रात मातृप्रेमाची थोरवी सांगावयाची म्हटली की हिरकणीची आख्यायिका हटकून आठवते. रायगडाच्या पायथ्याशी राहणारी ही गवळण दूध घेऊन गडावर गेली. सूर्यास्ताबरोबर दरवाजे बंद झाले. घरी तान्हे मूल, आणि पहारेकरी तर नियमाबाहेर जाण्यास तयार नाहीत. तेव्हा काळोखात जिवावर उदार होऊन ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि जेथून ती उतरली तेथे बुरूज बांधविला, असे सांगतात. कथा इतिहास किती आणि दंतकथा किती, हा वाद आम्हांस येथे कर्तव्य नाही. लोकमानसात ती सत्य आहे एवढे पुरे. आज एस. टी.च्या स्थानकांवर तान्ह्या मुलांस पाजण्यासाठी ज्या खोल्या राखून ठेवतात त्यांसही 'हिरकणी कक्ष' हेच नाव दिलेले आहे.

परंतु या कथेतील दोन गोष्टींकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. पहिली ही की, हिरकणी ही नोकरी-धंदा करणारी माता होती. ती गडावर मौजेखातर गेली नव्हती, दूध विकून संसार चालविण्याकरिता गेली होती. दुसरी गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. बुरूज बांधला, म्हणजे व्यवहारतः काय झाले? ज्या एका वाटेने आईला मुलापर्यंत पोचता आले होते ती वाट कायमची बंद झाली. किल्ल्याच्या रक्षणाच्या दृष्टीने ते योग्यच होते, आणि राजाचे ते कर्तव्यही होते. पण दुसऱ्या दिवशी दूध घेऊन जी दुसरी गवळण गडावर गेली असेल तिच्या दृष्टीने पाहा. दरवाजे त्याच वेळी बंद होणार, आणि आता कडाही उतरता येणार नाही. एका मातेचा गौरव झाला, मात्र पुढच्या मातेची सोय झाली नाही.

गौरव आणि हक्क या दोन अगदी निराळ्या वस्तू आहेत, आणि एकीच्या जागी दुसरी ठेवण्याची सवय आपल्या समाजास फार जुनी आहे. मनुस्मृतीत एके ठिकाणी माता ही पित्याहून सहस्रपटींनी पूज्य म्हटली आहे. त्याच ग्रंथात अन्यत्र स्त्री स्वातंत्र्यास पात्र नाही असा निर्णय दिलेला आहे. वरवर पाहता ही वचने परस्परविरुद्ध वाटतात. परंतु स्मृतिकारास त्यांत विरोध दिसला नाही, याचे कारण उघड आहे. पूज्य मानण्यास काही खर्च लागत नाही. हक्क देण्यास मात्र कोणाला तरी आपल्याजवळचे काही सोडावे लागते. गौरव करणारा आपल्या खुषीने गौरव करतो आणि त्याबद्दल स्वतःसही थोडा थोर समजतो. हक्क मान्य करणाऱ्यास आपण ऋणी आहोत हे आधी कबूल करावे लागते. म्हणून मातेच्या कौतुकाचे शब्द ऐकले म्हणजे त्यांच्या आड कोणते देणे थकलेले आहे, हे पाहणे बरे.

आमच्या करमाळ्याचाच दाखला घेऊ. सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर कडेचा हा तालुका. गावाशेजारी रावरंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात बांधविलेले कमलाभवानीचे देवालय आहे, आणि शहाण्णव पायऱ्यांची बारव पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. नवरात्रात जगन्मातेच्या दर्शनास मोठी गर्दी लोटते. तालुक्याचा बराच भाग अवर्षणाचा. परंतु भीमेवर उजनीचे धरण 1980 साली पुरे झाल्यापासून जलाशयाच्या काठची गावे ऊस आणि केळी यांनी हिरवी झाली आहेत. अशा या गावी आणि त्याच्या आसमंतात काम करणाऱ्या माता पाहिल्या तर त्यांच्या तीन तऱ्हा सहज डोळ्यांत भरतात.

पहिली शिक्षिकेची. पहाटे पाचास उठून ती पाणी भरते, दोन वेळांचा स्वयंपाक उरकते, मुलास उठवून, न्हाऊ-माखू घालून, भरवून एस. टी. गाठते, आणि कोठल्या तरी खेड्यातील शाळेत वेळेवर हजर होते. सायंकाळी परतल्यावर तिचा दुसरा दिवस सुरू होतो. यात अतिशयोक्ती नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने 2019 साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. जे पुरुष घरकाम करतात त्यांचा दिवसाकाठी त्यात सरासरी 97 मिनिटे वेळ जातो, आणि ज्या स्त्रिया ते करतात त्यांचा 299 मिनिटे, असे तीत आढळून आले. शिवाय, घरकामास हात लावणारे पुरुष शेकडा 26 च होते. स्त्रिया शेकडा 81 होत्या. म्हणजे स्त्रीने घराबाहेरचे काम पत्करले, तथापि पुरुषाने घरातले काम त्या मानाने पत्करलेले नाही.

दुसरी तऱ्हा ऊसतोडणीच्या बाईची. दिवाळीच्या सुमारास गाळपाचा हंगाम सुरू झाला की मुकादमाबरोबर तोडणीच्या टोळ्या येऊन उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कोप्या घालून राहतात. या धंद्यातील एक शब्द आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. येथे मजुरांची गणती माणसांनी होत नाही, 'कोयत्या'ने होते. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल घ्यावयाची ती जोडीच्या नावाने, आणि हाती पडावयाची ती बहुधा नवऱ्याच्या. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून वाहनापर्यंत नेते. दिवस बुडाला तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. तान्हे मूल फडाच्या कडेला झाडाच्या सावलीत झोळीत असते, नाहीतर पाचटावर टाकलेल्या गोधडीवर. रांगते झाले की त्याच्यामागे सहा-सात वर्षांची बहीण असते. ह्या बाईला 'हे दोन्ही तुम्हांला साधते तरी कसे?' असे आजवर कोणी विचारल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

तिला तो का विचारीत नाहीत? आमच्या मध्यमवर्गात गेली शंभराहून अधिक वर्षे 'स्त्रियांनी नोकरी करावी की नाही' हा वाद रंगत आलेला आहे. आगरकरांसारखा विचारवंत स्त्री-पुरुषांस एकच शिक्षण द्यावे असे एकोणिसाव्या शतकातच सांगून गेला, आणि त्या शिक्षणाचे पुढे काय करावयाचे, यावर सुशिक्षितांचे दोन तट पडले. परंतु तो वाद चालू असतानाही शेतकऱ्याची बायको खुरपीत होती, सोलापूरच्या गिरण्यांत स्त्रिया राबत होत्या, आणि पुढेही घरोघर विड्या वळणाऱ्या बायका एका हाताने पाळणा हलवीत सूप मांडीवर घेऊन बसतच होत्या. त्यांच्याविषयी कोणी 'करावी की नाही' असे विचारले नाही. गरजेपोटी राबणाऱ्या आईचे काम आपणांस दिसत नाही, आणि आपल्या इच्छेने काम करणाऱ्या आईचे काम आपणांस हौस वाटते. पहिलीवर डोळेझाक आणि दुसरीवर आक्षेप! दोहोंत मुलाच्या हिताचा विचार मात्र कोठेच नाही. तो असता तर फडाच्या कडेचे मूल आपणांस आधी दिसले असते.

कायद्याने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांस बाळंतपणात विसावा आणि भत्ता मिळावा याकरिता मुंबई इलाख्यात 1929 साली कायदा झाला. त्याच्या आदल्या वर्षी, 1928 च्या जुलै महिन्यात, कायदेमंडळात या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी जी भूमिका मांडली ती आजही मननीय आहे. प्रसूतीच्या आगेमागे मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलणे योग्य. परंतु तिच्या श्रमाचा लाभ मालकास होतो, तेव्हा त्यानेही आपला वाटा दिला पाहिजे, असा त्यांचा आशय होता. यात दया किंवा कौतुक यांचा स्पर्शही नाही. लाभ कोणास, आणि म्हणून देणे कोणाचे, असा रोख हिशेब आहे. पुढे 1961 साली सबंध देशाकरिता कायदा झाला. 2017 साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांची झाली, आणि 50 किंवा अधिक नोकर असलेल्या संस्थांवर पाळणाघराची जबाबदारी आली. आमच्या शिक्षिकेस याचा आधार आहे. परंतु जिथे मालक कोण हेच ठरत नाही, कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो आणि मुकादम कारखान्याकडे, तेथे 'कोयत्या'च्या अर्ध्या भागास 26 आठवडे कोण देणार?

आता प्रश्नाच्या मुळाशी जाऊ. पाश्चात्त्य तत्त्वज्ञांत स्त्रीची बाजू मिल्लइतक्या निकराने मांडणारे थोडे. त्याचा स्त्रियांच्या पराधीनतेवरील ग्रंथ 1869 साली प्रसिद्ध झाला. परंतु त्याच ग्रंथात त्याने, पतीने मिळवावे आणि पत्नीने घर पाहावे ही वाटणी सामान्यतः योग्य, असे म्हटले आहे. त्याचे कारण तो असे देतो की, स्त्री बाहेर कमावू लागली म्हणून मुलांची आणि घराची काळजी तिच्यावरून उतरत नाही. ती काळजी दुसरे कोणी घेत नाही, म्हणून ती केवळ अपुरी राहते. वाचकांनी या युक्तिवादाकडे बारकाईने पाहावे. 'दुसरे कोणी घेत नाही' हे वस्तुस्थितीचे वर्णन आहे. परंतु मिल्लने त्यास जणू सृष्टिनियम मानले. दुसऱ्याने ती घ्यावी की नाही, हा खरा नीतिशास्त्राचा प्रश्न त्याने विचारलाच नाही. त्याच्या उलट टोकास प्लेटो आहे. त्याच्या आदर्श राज्यात रक्षकवर्गाच्या स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने राज्यकार्य करतात. पण त्याकरिता मूल जन्मताच दायांच्या स्वाधीन होते, आणि कोणते मूल कोणाचे हे आईसही कळू द्यावयाचे नाही अशी तजवीज असते. एकाने सर्व भार आईवर ठेविला, तर दुसऱ्याने भाराबरोबर मूलही काढून घेतले! भार वाटून घ्यावा आणि मूल आईचेच राहावे, हा मधला मार्ग दोघांसही सुचला नाही.

मग हा भार आज प्रत्यक्षात कोण उचलतो? येथे आमच्या तिसऱ्या मातेची गाठ पडते. शिक्षिका शाळेत जाते तेव्हा तिच्या मुलास सांभाळावयास एक बाई येते. ती गरीब असते, आणि तिलाही लहान मूल असते. ते ती कोणाजवळ ठेवून येते? सासू धडधाकट असेल तर सासूजवळ. नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या आपल्या मुलीजवळ. ती मुलगी धाकट्या भावंडास कडेवर घेऊन दारात बसते, आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी लागते. कदाचित तो हजेरीपट भरणारी तीच शिक्षिका असेल. कोणीही येथे दुष्ट नाही. शिक्षिकेने बाईला योग्य पगार दिला, सणाला लुगडे दिले, अडीअडचणीला मदतही केली. तरीदेखील एका स्त्रीच्या खांद्यावरून उतरलेले ओझे दुसरीच्या खांद्यावर गेले, आणि तेथून घसरत घसरत ज्याच्या खाली आणखी कोणी नाही अशा एका पोरीच्या कडेवर येऊन थांबले. फडाच्या कडेला झोळी हलविणारी बहीण आणि ही मुलगी एकच. या प्रश्नाचा निकाल शिक्षिकेच्या दिवाणखान्यात लागावयाचा नाही. तो या मुलीपाशी लागावयाचा आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, आईची सर कोणास येणार? हे आम्हांस मान्य आहे. पहिल्या महिन्यांत तर मुलास आई हवीच, आणि म्हणूनच भरपगारी रजा ही चैन नसून मुलाचा हक्क आहे. परंतु आईची सर कोणास येत नाही, यावरून आईखेरीज इतर सर्वांनी स्वस्थ बसावे हे सिद्ध होत नाही. मुलास आईचे प्रेम हवे, याचा अर्थ त्याचे दुपटे आईनेच धुवावे असा कोणत्या तर्कशास्त्रात होतो? दुसरा आक्षेप एकत्र कुटुंबाच्या अभिमान्यांचा. पूर्वी घरात आजी होती, आत्या होती, काकू होती; तेव्हा हा प्रश्न नव्हता, असे ते म्हणतात. प्रश्न होता, तो उंबऱ्याच्या आत असल्यामुळे बाहेर दिसत नव्हता इतकेच. आणि जिने आपली पाच-सहा मुले वाढविली तिला साठीनंतर विसाव्याचा हक्क नाही काय? आजीने नातवंड प्रेमाने घ्यावे, यात दोघांचाही आनंद आहे. पण तिने ते घेतलेच पाहिजे, नाहीतर सुनेची नोकरी गेली, अशी अवस्था असेल तर तो आनंद राहत नाही, बिगार होते.

मधला मार्ग तत्त्वज्ञांना सुचला नाही असे वर म्हटले. पण महाराष्ट्रातील एका शिक्षिकेस तो सुचला. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साहाय्याने 1945 साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षेचे काम आरंभिले आणि पुढे 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. खेड्यातील मोठी मुले शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेता त्यांना उत्तर मिळाले ते हेच, की त्यांच्या कडेवर धाकटी भावंडे असतात. तेव्हा 'मुलांस शाळेत पाठवा' असा उपदेश करीत न बसता त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, आणि तीस विकासवाडी म्हटले. ताईने धाकट्याला पाळणाघरात ठेवावे, मधल्याला बालवाडीत सोडावे आणि आपण वर्गात बसावे. जी मुले बालवाडीपर्यंत येईनात त्यांच्याकरिता त्यांच्या वस्तीतच, अंगणात, शाळा भरू लागली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात भरली. 'अंगणवाडी' हा शब्द देशास मिळाला तो या कार्यातून. प्लेटोच्या दायांत आणि या अंगणात अंतर आहे ते हेच, की येथे मूल आईपासून तोडलेले नाही. आईच्या हाकेच्या अंतरावर गावाने त्याला हात दिलेला आहे.

पुढे 2 ऑक्टोबर 1975 पासून केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. परंतु शब्द पोचला तितकी कल्पना पोचली नाही. अंगणवाडी काही तास भरते. शेतातील मजुरीचा दिवस त्याहून पुष्कळ लांब असतो. तीन वर्षांखालील मुलास दिवसभर सांभाळण्याची सोय बहुतेक ठिकाणी नाही. आणि जी सेविका हे काम करते तिच्या कामास आपण 'मानसेवी' म्हणतो, व तिला वेतन न देता 'मानधन' देतो. मान आणि धन यांचा हा समास फार बोलका आहे. ज्या कामास पुरेसे धन द्यावयाचे नाही त्यास आपण मान देतो! ह्या सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, एवढे ठरण्यासही 2022 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. दुष्काळी कामांचीही तीच कथा. 1972 च्या दुष्काळात सोलापूर-नगरकडच्या रस्त्यांवर कडेला पोरे निजवून बायकांनी खडी फोडली. त्या अनुभवातून निघालेल्या रोजगार हमीत आणि नंतर 2005 च्या केंद्रीय कायद्यातही कामावर मुले सांभाळण्याची तरतूद करण्यात आली. सहा वर्षांखालील पाच मुले असली तर एका बाईला त्यांच्याकडे नेमून तीस पूर्ण मजुरी द्यावी, असे केंद्रीय कायद्यात लिहिले गेले. मूल सांभाळणे हे काम आहे आणि त्याची मजुरी खडी फोडण्याइतकीच आहे, हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात उतरले, ही गोष्ट लहान नाही. कामाच्या जागी मात्र ते क्वचितच उतरले.

तेव्हा कर्तव्याची वाटणी कशी करावी? आमच्या मते पहिला वाटा पित्याचा. 'मी तिला मदत करतो' असे म्हणणाऱ्या सुशिक्षित पतीने आपल्याच भाषेचा विचार करावा. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. आपल्या मुलास भरविणे ही मदत कशी? दुसरा वाटा ज्यास श्रमाचा लाभ होतो त्याचा, मग ती बँक असो, शाळा असो, कारखाना असो की बागाईतदार. कोयत्याने मजूर मोजणाऱ्याने कोयत्याबरोबर आलेली झोळीही मोजली पाहिजे. तिसरा वाटा समाजाचा, म्हणजे गावाचा आणि सरकारचा. आज झोळीत असलेले मूल उद्या गावाचा शेतकरी, शिक्षक, मतदार होणार आहे. त्याच्यापासून होणारा लाभ सर्वांचा, तर त्याच्या संगोपनाचे देणे एकटीचे कसे? डॉ. आंबेडकरांनी प्रसूतीविषयी जो हिशेब मांडला तोच येथे थोडा पुढे न्यावयाचा आहे.

आमचे वाचक बहुतेक सुशिक्षित कुटुंबांतले आहेत. त्यांतील अनेक घरी सून किंवा लेक नोकरीस जात असेल, आणि तिचे मूल सांभाळावयास कोणी येत असेल. त्या बाईला पगाराखेरीज एक प्रश्न विचारावा, अशी आमची त्यांस विनंती आहे: 'तुझे मूल यावेळी कोणाजवळ असते?' उत्तर ऐकल्यावर काय करावयाचे ते ज्याने त्याने आपल्या शक्तीप्रमाणे ठरवावे. कोणी तिच्या मुलासही आपल्याच घरी येऊ देईल. कोणी चार घरे मिळून पाळणाघराची सोय करतील. कोणी ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत उभे राहून अंगणवाडीची वेळ वाढवा, सेविकेस रीतसर वेतन द्या, असा आग्रह धरतील. गावाने आपल्या मातांचे ऋण कितपत फेडले याची परीक्षा आमच्या मते मातृदिनाच्या भाषणांवरून होणार नाही. शाळेची घंटा झाल्यावर कडेवर भावंड घेऊन दारात बसून राहिलेल्या मुली त्या गावात किती आहेत, ते मोजावे. ती संख्या शून्यावर येईपर्यंत ऋण बाकी आहे असे समजावे.